फीसाठी हक्कसोड

माझ्या भाचीचा वाढदिवस पहिल्यांदा साजरा झाला तो ती अठरा वर्षांची झाली तेव्हा. तिच्या थोरल्या चुलत्यांनी वेल्ह्याच्या बाजारातून केक आणला होता. गुलाबी, वर चेरी म्हणून पाकातली करवंदं लावलेला. चुलत्यांनी याआधी कोणाला केक भरवला नसावा. तिच्या गालाला क्रीम लागलं, सगळे हसले, तीही हसली. तिने तोंड पुसायच्या आत ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, सोमवारी मोकळं हाय न्हवं? साक्षीला लागताय तुमी."

साक्ष हक्कसोडपत्रावर हवी होती. भाचीचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, काही वर्षांपूर्वी वारले. तीन भावांची जमीन एकत्रच होती. वारस म्हणून माझ्या बहिणीचं आणि भाचीचं नाव सातबाऱ्यावर लागलं, तेव्हा त्या जमिनीला कोणी विचारत नव्हतं. नाचणी, वरई आणि खाली थोडा भात. आता तोरण्याच्या पायथ्याला पुण्याच्या लोकांना बंगले बांधायचे आहेत. चुलत्यांना गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याची एकच अट होती, बायकांची नावं काढून कागद साफ करून द्या.

त्याच आठवड्यात भाचीला पुण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगची जागा लागली. शनिवारपर्यंत प्रवेश घ्यायचा होता. बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते. मुलींना फी माफ, हे तिनेही मोबाईलवर ऐकलं होतं. कॉलेजचं म्हणणं, आधी भरा, सरकारकडून आलं की परत करू. शिवाय वसतिगृह आणि मेस माफीत नव्हती. बँकेत गेलो तर जामीनदार मागितला आणि तोही घरातला असला तर बरा, असं सांगितलं. घरातले म्हणजे चुलते.

केक कापून झाल्यावर चुलते पोरीला म्हणाले, "फीचं आमच्याकं लागलं. चारी वर्सं. तू फकस्त शिक. पर त्येच्या आदी येवढा कागद उरकून टाकू."

बहिणीने पदर डोळ्याला लावला. तिला खरोखरच बरं वाटलं होतं.

आमच्याकडे बहिणींनी हक्क सोडायचा, ही जुनी रीत. लग्न झालेली बहीण सही करून द्यायची आणि त्या बदल्यात दिवाळीला साडीचोळी, माहेरचं दार उघडं. ज्या बहिणीने सही दिली नाही तिला भाऊबीजेला कोणी न्यायला यायचं नाही. आता मुली शिकतात, म्हणून सही लग्नाच्या आधीच घेतात. साडीच्या जागी फी आली, एवढाच बदल. आणि मामा साक्षीला हवाच, कारण आईकडच्या माणसाची सही असली की पुढे कोणाला बोलता येत नाही.

सोमवारी जीपने वेल्ह्याला गेलो. दस्त लिहिणाऱ्याने कागद तयार ठेवला होता. पेपरात असताना बातमीसाठी असे दस्त मी पुष्कळ पाहिले होते, तरी हा पूर्ण वाचला. 'कोणताही मोबदला न घेता, केवळ नैसर्गिक प्रेमापोटी, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने.' वाचून भाचीच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला आणि दस्त लिहिणाऱ्याला विचारलं,

"काका, ह्यात फीचं कुठं हाय?"

दस्तवाला हसला. "फी? ती ह्यात नसती. मोबदला दाखवला की मुद्रांक वाढतो. फुकट दिलं तर पाचशेत भागतं."

"मंग एका साध्या कागदावर लिवून द्या, तात्या."

चुलते माझ्याकडे बघत म्हणाले, "बघितलं का पाव्हणं? आजून नर्स झाली न्हाई तवर चुलत्याला सुई टोचाया लागली. आगं, घरातल्या घरात कसला करार? उद्या हितं जेवली तर त्येचाबी करार करशील."

धाकटे चुलते आणि दस्तवाला, दोघेही मनापासून हसले. मी म्हणालो, लिहून द्यायला काय हरकत आहे. "तुमी पेपरवालं," चुलते म्हणाले, "तुमाला समद्यात बातमी दिसती." बहिणीने पोरीच्या दंडाला चिमटा काढला. "गप सही कर. शनवारी तारीख जातीया."

पोरीने सही केली. साक्षीदाराची ओळ मी कोरी ठेवली होती; चुलत्यांनी शेजारच्या चहावाल्याला बोलावून ती भरून घेतली. तो काय वाचणार? त्याने सही केली आणि चहाचे पैसे मागितले.

आत नोंदणी करणाऱ्या बाई होत्या. कॅमेऱ्यासमोर एकेकाला बसवून त्या तेच तीन प्रश्न विचारत होत्या. दस्त वाचला का, सही तुमचीच का, स्वखुशीने देताय का. माझी बहीण तिन्ही वेळा "व्हय" म्हणाली. मग भाची बसली. पहिल्या दोन प्रश्नांना तीही व्हय म्हणाली.

"स्वखुशीने देताय?"

"न्हाई."

बाईंनी मान वर केली. "नाही म्हणजे?"

"फी भरनार हायेत म्हणून देतीया. नर्सिंगची. त्येंनी न्हाई भरली तर मला द्यायचं न्हाई."

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. चुलते पुढे झाले. "मॅडम, लहान हाय ती. तिला समजत न्हाई."

"लहान असेल तर दस्तच होत नाही, काका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला. "बाहेर जाऊन तुमचं ठरवा. पुढचे या."

बाहेर चुलते पोरीकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या बहिणीला म्हणाले, "पोरगी जन्माला घातली का वकील?" धाकट्यांनी जीपमधला पेढ्यांचा पुडा काढला, दस्तवाल्याला एक दिला, स्वतः एक खाल्ला आणि पुडा बंद करून पुन्हा आत ठेवला. जीप आम्हाला न घेता निघून गेली.

लोभाची मला किळस येत नाही. तो सगळ्यांना असतो, मलाही आहे. किळस आली ती त्या कागदावरच्या 'प्रेमापोटी' या शब्दाची. दस्त लिहिणाऱ्यापासून बाकावर खोकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला सौदा माहीत होता आणि प्रत्येकाला तो शब्द चालत होता. न चालणारी एकच होती, आणि सगळ्यांना अडाणी तीच वाटली.

एसटी स्टँडवर बहीण तिला म्हणाली, "आता फी बापाकडनं आनशील व्हय?"

"त्येंनी इचारलं म्हणून सांगितलं, आई."

"समद्यांनाच इचारत्यात. समद्या व्हय म्हनत्यात."

शनिवार गेला. मी माझ्या गावाहून, भोंगवलीहून, जे जमवू शकत होतो ते वसतिगृहालाही पुरलं नसतं. जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. भाचीने भोरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. रोज नसरापूरला एसटी बदलून जाते, संध्याकाळी शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेते.

गावात बोलणं झालं की पोरीने चुलत्याला हापिसात उघडं पाडलं. त्यातून धडा घेतला गेला, पण वेगळाच. पुढे एकदा कामासाठी वेल्ह्याला गेलो होतो. त्याच चहाच्या टपरीवर एक बाप मुलीची तयारी करून घेत होता. "मॅडम तिसऱ्यांदा इचारतील, तवा खाली बघून व्हय म्हनायचं. जास्त बोलायचं न्हाई."

"हजारदा सांगितलंय पप्पा," मुलगी म्हणाली. तिच्या एका कानात इअरफोन होता. तिला इंजिनिअरिंगची जागा लागली होती, असं बाप चहावाल्याला कौतुकाने सांगत होता.

भाचीने यंदा नर्सिंगची प्रवेश परीक्षा पुन्हा दिली आणि पुन्हा जागा लागली. चुलते घरी आले. मी तिथेच होतो. गिऱ्हाईक अजून थांबलं होतं, फक्त भाव खाली आणत होतं.

"सोमवारी गाडी लावू का?" त्यांनी विचारलं.

"आदी चारी वर्साचं पैसं कालेजात भरा, तात्या," भाची म्हणाली. "पावती आना. मग मॅडमनी काय बी इचारू द्या, म्या व्हय म्हनते."

बहिणीने चुलत्यांपुढे चहा ठेवला. चुलत्यांनी कप उचलला.

"आन् पैसं भरल्यावर तू सही न्हाई केलीस तर?"

त्यांनी चहा संपवला, टोपी नीट केली आणि ते निघाले. प्रवेशाची तारीख याही वर्षी गेली.