परवाना येईपर्यंत फुकट

नियमाशिवाय झाडाचं पानसुद्धा हलू नये असं मनापासून वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना मावसाजी म्हणतो. तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. कचेरीने त्यांना सोडलं, त्यांनी मात्र कचेरीला सोडलेलं नाही. खामगावच्या बसस्थानकावर खिडकीपुढे चिटपाखरू नसलं तरी ते लोखंडी कठड्याच्या टोकापासून आत शिरतात आणि एकट्याची रांग लावतात. कंडक्टर तिकीट द्यायला विसरला, तर भरल्या गाडीत माणसं ओलांडत त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्यालाच चार शब्द सुनावतात. स्वतःच्या शेतातल्या पायवाटेवर स्कूटर चालवतानाही डोक्यावर हेल्मेट असतं. "इथं कोण पकडणार आहे तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पकडतीन म्हणून घालतात काय बे हेल्मेट?"

अशा माणसाने पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलं, तेव्हा काय होणार हे खरं तर आम्हाला कळायला हवं होतं. शेगावहून जाताना वरवट बकालच्या अलीकडे रस्त्यालगत त्यांचं घर आहे. एक मुलगा पुण्याला, एक नागपूरला. दोन खोल्या कायम कुलपात. सुट्ट्यांच्या दिवसांत शेगावला दर्शनाला इतकी गर्दी होते की लॉजमध्ये जागा मिळत नाही, आणि माणसं गाड्या घेऊन आसपासच्या गावांत खोली शोधत हिंडतात. शेजाऱ्याने तर भिंतीवर खडूने 'रूम मिळेल' असं लिहिलं आणि त्याच संध्याकाळी धंदा सुरू केला. मावशी म्हणाली, "आपणही उघडू ना खोल्या." मावसाजी म्हणाले, "अन् परवाना?"

मग ते परवान्याच्या मागे लागले. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पोलीस ठाण्याचा दाखला, विहिरीच्या पाण्याची तपासणी, घरगुती निवासाची नोंदणी, आग विझवायचं लाल नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी. नळकांडं त्यांनी बैठकीच्या भिंतीवर अशा ठिकाणी लावलं की सोफ्यावर बसणाऱ्याचं डोकं त्याच्यावर आपटावं, आणि प्रथमोपचाराच्या पेटीचा उपयोग व्हावा. अर्ज केला, तो परत आला. जन्मभर लोकांचे अर्ज परत पाठवलेला हा माणूस आता चिडेल, खचेल असं आम्हाला वाटलं. तर ते हसत घरी आले. "जागेच्या नकाशावर सही राहेली होती. काय बारीक नजर आहे कचेरीतल्या त्या पोरीची! चहा पाजून आलो तिले." दुसऱ्यांदा परत आला तेव्हा तर ते इतके खूश होते की मावशीला शंका आली, हे मुद्दाम तर चुका ठेवत नाहीत ना.

पण गाड्या काही परवान्याची वाट पाहत थांबत नाहीत. एका दुपारी अकोल्याकडचं एक कुटुंब दारात उभं राहिलं. कडेवरचं लेकरू रडत होतं, कुठेच जागा नव्हती. मावशीने आशेने नवऱ्याकडे पाहिलं. मावसाजींनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "परवाना नाही, म्हणून भाडं घेता येत नाही. फुकट राहा." मावशीने भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. त्या लोकांनी ही गोष्ट आपल्या गावात सांगितली असणार, कारण पुढे खोल्या रिकाम्या अशा राहिल्याच नाहीत. कुणी पैसे पुढे केले की मावसाजी हात मागे घेऊन म्हणत, "परवाना येऊ द्या, मंग घेतो." शेजाऱ्याच्या खोल्या ओस पडल्या. त्याने वैतागून तक्रार केली, की हे गृहस्थ विनापरवाना लॉज चालवतात.

चौकशीला तालुक्याहून एक अधिकारी बाई आल्या, तेव्हा मी तिथेच होतो. तक्रार खरी ठरली असती तर अर्ज कायमचा बाद झाला असता. मावशीचा चेहरा उतरला. त्या दिवशी परभणीच्या एक निवृत्त शिक्षिका खोलीत उतरल्या होत्या. प्रसंग ओळखून त्या पुढे झाल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "कसलं लॉज हो? मी यांची चुलत बहीण!"

आम्ही सुटकेचा श्वास घेतला, तोच मावसाजी उभे राहिले. "मॅडम, हे खोटं आहे. या बाईंले मी कालपर्यंत ओळखतबी नव्हतो."

चुलत बहिणीने कपाळाला हात लावला. मॅडमनी विचारलं, "ओळख नाही, भाडं नाही, मग लोकांना ठेवता कशाला?"

मावसाजींना पहिल्यांदाच नियम सापडेना. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आलं. "मॅडम, पोरं गेल्यापासून मले दोघांचाच स्वयंपाक जमत नाही," मावशी म्हणाली. "रोज उरते. कोणी जेवाले असलं, की हेही बोलतात. नाही तं यांचा पेपर, अन् माह्या भिंती."

इतकी वर्षं एका घरात राहून हे मावसाजींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. मॅडम जेवूनच गेल्या, आणि भाडं घेतलं जात नाही असं त्यांनी कागदावर स्वच्छ लिहिलं.

पुढे परवाना आला. काचेच्या चौकटीत बसून भिंतीवर चढला. आता पाहुणे मोबाईलवरून येतात, वायफाय विचारतात, पैसे मोबाईलवरच देतात आणि किल्ली दाराला लावून निघून जातात. मावशी भरीत विचारते. बरेच जण बाहेर जेवून आलेले असतात. तरी तिचं कुणाशी तरी बोलणं होतं, आणि हल्ली मावसाजी संध्याकाळी पेपर घडी करून ठेवतात आणि भाजी निवडायला तिच्याजवळ येऊन बसतात. निवडतात वाईट, देठासकट, पण बसतात.

परवा गेलो होतो तेव्हा एक तरुण जोडपं सकाळीच निघालं. गाडी सुरू झाली, काचा वर गेल्या. मावसाजी फाटकाबाहेर येऊन उभे राहिले आणि गाडी शेगावच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत हलले नाहीत. आतून कुणी मागे वळून पाहिलं नसावं.

"इथं काय करता मावसाजी?" मी विचारलं.

"पाहुणे नीट रस्त्याले लागले का, हे पाहावं लागते."

"कोणत्या नियमात आहे हे?"

ते फाटकाकडे वळले.

"नसन लिहेलं," म्हणाले, आणि फाटक उघडंच ठेवून आत गेले.