न्यागुथीचा वरचा क्रेट

न्यागुथीआईला कोणी चांगली म्हणालं की माझं डोकं फिरतं. चांगली होती, मान्य. तिची पिकअप मीच चालवतो, मला नाही माहीत तर कोणाला? पण होती.

कुटूसच्या बाजारात तिचा टोमॅटोचा गाळा. आधी डोक्यावर टोपली, मग पाल, मग गाळा, आणि आता नैरोबीच्या एका मोठ्या दुकानसाखळीला माल. हे सगळं उभं राहिलं एका सवयीवर. तोलून झालं की मूठभर वर टाकायचं. आमच्याकडे त्याला न्योंगेझा म्हणतात, आणि जो ही मूठ टाकत नाही त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा फिरकत नाही. "तोललेलं गिऱ्हाइकाचं, वरचं माणसाचं," असं ती म्हणायची.

दुकानसाखळीकडे मात्र बोलायला माणूसच नव्हता. त्यांचा कॉम्प्युटर ऑर्डर पाठवायचा, तिच्या सुनेचा कॉम्प्युटर ती घ्यायचा, आणि गाडी निघण्याआधी आत किती क्रेट आहेत ते उलट कळवायचा. गोदामाच्या फाटकावर क्रेटवरच्या चिठ्ठ्या स्कॅन करायच्या. दोन्हीकडचं जुळलं की गाडी आत. ना नमस्कार, ना चहा.

पहिल्या मोठ्या ऑर्डरला न्यागुथीआईने निवडक लाल टोमॅटोंचा एक क्रेट जास्तीचा चढवला. मला म्हणाली, "सूनबाईला सांगू नकोस. भेट काय सांगून देतात?"

माल पोचवायला तीही माझ्याबरोबर आली. फाटकावर मुसेम्बी नावाचा सुकडा साहेब. त्याच्या हातातलं यंत्र लाल झालं.

"आई, हा बिनचिठ्ठीचा क्रेट कुठला?"

"तुमच्यासाठीच रे लेकरा. वरचा. फुकट."

"मशीनला फुकट कळत नाही. गाडी बाद."

"अरे, मग तो एक उतरवते ना!"

"आता उतरवून काय उपयोग? नोंद गेली. सगळा माल परत."

"कमी दिला असता तर चोर म्हणाला असतास. जास्त दिला तर काय म्हणतोस?"

"तेच," मुसेम्बी म्हणाला.

माझा तोल गेला. "काय रे शहाण्या, तुझी आई तुला वाढताना भाकरी स्कॅन करायची का?"

"ड्रायव्हर, रस्ता मोकळा कर." मग तिच्याकडे वळून म्हणाला, "पुन्हा असं झालं तर तुमचं खातं आपोआप बंद होईल. माझ्याकडे रडत येऊ नका, मला ते उघडता येत नाही."

"मग कोणाला येतं?"

त्याने मागच्या गाडीला पुढे यायला हात केला. त्या मूर्खालाही ते ठाऊक नव्हतं.

उन्हात उभा राहून माल मऊ पडला होता. भाजीबाजारात मिळेल त्या भावाला टाकला. वरचा क्रेट मात्र तिने विकू दिला नाही. परतीच्या वाटेवर, थिका गावाच्या पुढे गाडी थांबवायला लावली आणि सगळा गटारात ओतला.

तेव्हापासून गाडी भरताना ती स्वतः उभी राहते. सांडलेला एक टोमॅटोही गाडीत राहू देत नाही. खातं वाचलं, सून खूश, मुसेम्बी हल्ली मान डोलावतो.

परवा गाळ्यावर गेलो तर पुढे म्हातारी वागिओ होती. एकटी बाई. विकत घेते दोन-चार, पण तिची चूल चालते ती वरच्या मुठीवर. टोमॅटो घेऊन तिने सवयीने ओंजळ पुढे केली.

"काय?" न्यागुथी म्हणाली.

"न्योंगेझा गं."

"आधी सांगितलं होतंस?"

"वरचं कोणी सांगून घेतं का, बाई?"

"मग नाही."

म्हातारीने घेतलेले टोमॅटो एकेक करून टोपलीत परत ठेवले. आणि न्यागुथी वाकून बघत होती, सगळे परत आले का.