घाटातली दिव्यांची रांग

विद्यार्थ्याला घेऊन रात्रीचं उड्डाण करताना माझा क्रम ठरलेला असतो. आधी विचारायचं, मग सांगायचं, मग स्वतः हात घालायचा.

त्या दिवशी डावीकडे बसलेली मुलगी कन्नड गावची होती. शहराहून कन्नडपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. हे नीट जमलं, तर दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच अंधारात एकटी विमान नेणार होती. शहराच्या कडेचे पडेगावचे दिवे मागे पडले तेव्हा मी तिला कंपास बघायला सांगितलं.

"कन्नडला जायला कंपास कशाला, मॅडम? शाळेपासून जीपनं येते-जाते मी."

"जीप खाली चालते. बघ."

तिनं बघितल्यासारखं केलं. डोळे समोरच्या कन्नडच्या दिव्यांवरच होते. मग ते दिवे गेले. एकदम, सगळे.

"गेली लाईट!" ती हसली. "आमच्याकडं रोजचंच हे. हरकत नाय, तो बघा हायवे. आमच्या घरामागूनच जातो."

समोर गाड्यांच्या दिव्यांची लांब रांग होती. ती रांग आडवी, सपाट आहे असं धरून तिनं पंख तिला समांतर केले. चंद्र नव्हता. वर चांदण्या, खाली शेतवस्त्यांचे सुटे बल्ब. आभाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं.

पण अंधारात गाव खालून मागं निघून गेलं होतं, तिला कळलंच नव्हतं. ती रांग घाटात अडकलेल्या गाड्यांची होती, आणि घाट तिरका चढतो. तिच्या लेखी विमान सरळ होतं. प्रत्यक्षात ते डावीकडे कलून वळत होतं आणि डोंगराच्या दिशेनं खाली चाललं होतं.

"आपण सरळ आहोत का?" मी विचारलं.

"एकदम सरळ."

"काट्यांकडं बघ. कललोय आपण. उंची कमी होतेय."

तिनं पाहिलं. "काटा बिघडला असंल, मॅडम. मला कळतंय ना."

"कंट्रोल सोड."

मी पंख सरळ केले, उंची वाढवली आणि शहराची दिशा धरली. विमान सरळ झालं तशी तिनं सीटची कड आवळली.

"मॅडम, उजवीकडं उलटतोय आपण."

"नाही उलटत. डाव्या कलाची सवय झालीय तुला. काटे वाच. मोठ्यानं."

ती वाचत राहिली. आता मला भीती वाटेल, याची मी वाट बघत होते. वाटली नाही. विमानतळाच्या टॉवरला कळवलं, उतरले.

विमान जागेवर लावल्यावर मी म्हणाले, "उद्या तुला एकटीला सोडणार नाही."

"मला बघायला घरचे सगळे गच्चीवर थांबणारेत, मॅडम. आत्यालापण बोलावलंय."

"मग त्यांना आत्ताच कळव."

तिनं तिथंच फोन लावला. "पप्पा, उद्या नका चढू वर... नाय, नापास-बिपास काय नाय... आत्याला तुम्हीच सांगा ना." पलीकडून 'मग कधी?' मलाही ऐकू आलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आधी बाहेरचं काही दिसू न देता शिकवीन. नुसत्या काट्यांवर. मग बघू."

तिनं तेच वडिलांना सांगितलं, फोन खिशात टाकला आणि रडायला लागली. विमान वाऱ्यानं हलू नये म्हणून पंख जमिनीला बांधतात; मी एका पंखाची दोरी ताणून गाठ मारली. दुसरी तिला बांधायला सांगितली. तिनं रडत रडतच बांधली. सैल होती. मी सोडून पुन्हा बांधली.