बाजूच्या सीटवरचा ब्रेक

माझ्या बाबांचं हेवीचं, म्हणजे ट्रकचं लायसन त्या हिवाळ्यात संपत आलं होतं. ते पुढे चालू ठेवायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. डोळे, कान, हातपाय, ब्लडप्रेशर सगळं तपासतात. बाबा जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी ट्रकमधून गुजरातेत पोचवतात. दाखला नाही तर लायसन नाही, आणि लायसन नाही तर बाबा घरी. घरी बसलेले बाबा ही काय चीज असते, ते त्यांचा पाय मोडला तेव्हा आम्ही महिनाभर भोगलं होतं. आईने देवाला साकडं घातलं होतं, ते पाय बरा व्हावा म्हणून की माणूस घराबाहेर पडावा म्हणून, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

मी नेरला शाळेत शिकवते. नुकतीच गाडी शिकून एक जुनी कार घेतली होती. म्हटलं, बाबांना यवतमाळला मीच नेणार. आमच्या बंजारा तांड्यातली माणसं पूर्वी बैलांवर माल लादून मुलूखभर फिरत, बाबांनी ट्रक धरला, आणि आता मी. या अभिमानात बाबांचं तोंड कसं झालंय ते मी पाहिलंच नाही.

नेर सुटलं तसं त्यांनी डोक्यावरचं हँडल घट्ट धरलं. समोर कापसाची ट्रॉली दिसली की त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा, जणू तिथेही ब्रेक आहे. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो, पण रस्त्यावर बाबा चिडतात ते वऱ्हाडीतच.

"इतकी जवळ काहून नेऊन राह्यली?"

"लय अंतर आहे बाबा."

"अंतर मले शिकवून राह्यली काय?"

दवाखान्यात डोळे उत्तम निघाले, कान ठीक. मग डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. म्हणाले, "एवढं प्रेशर असेल तर मी सही करणार नाही. गोळ्या चालू आहेत का?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "गोळी नाही साहेब. पोरीनं गाडीत आणलं."

डॉक्टर हसले आणि त्यांना बाहेर बाकावर शांत बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "कसला विचार करत होता?"

"वापस जायचा."

डॉक्टरांनी परवा यायला सांगितलं, आणि बाबांनी स्वतः गाडी चालवत यावं असंही सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती मोठी होती. चेष्टा चेष्टेच्या जागी, प्रेशर खरंच असलं तर? ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बाबा ट्रकभोवती उगाच फिरून यायचे.

तिसऱ्या दिवशी बाबांनी माझी कार चालवली. मी बाजूला बसले. ते आरामात गाणं गुणगुणत होते. डॉक्टरांनी दोन्ही दंडांवर प्रेशर मोजलं. बरोबर जिथे हवं तिथे. त्यांनी सही केली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं ड्रायव्हिंग हा आजार असल्याचं आता डॉक्टरी तपासणीतच ठरलं होतं, पण त्या क्षणी मला त्याचंही काही वाटलं नाही.

बाहेर आम्ही गरम आलूबोंडे खाल्ले. बाबांनी दाखला खिशात घातला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव."

"नको. प्रेशर वाढेल."

"वाढू दे. आता सही झाली."

निघालो. वाटेत एका वळणावर शेतातून बैलगाडी रस्त्यावर आली. मी आधीच वेग कमी केला होता. आता ओरडा बसणार म्हणून बाजूला पाहिलं, तर बाबांनी चपला काढून सीटवर मांडी घातली होती.

"बरोबर केलं," ते म्हणाले. बास, एवढंच. थोड्या वेळाने त्यांची मान काचेला टेकली आणि ते घोरायला लागले.

दुसऱ्याच्या हाती स्टेअरिंग असताना बाबांना झोपलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. घर आलं. आई दारातून हातानेच विचारत होती, काय झालं? मी बोटाने तिला गप्प केलं. इंजिन बंद झालं की ड्रायव्हर जागा होतो, म्हणून मी गाडी दारात तशीच चालू ठेवून बसून राहिले.