आमच्या वाट्याचा मस्ट

पॅकहाऊसमध्ये डागी डाळिंबं टाकायचा एक कोपरा असतो. सकाळी तो झाडून रिकामा केलेला असतो. ढीग करायचा म्हणून कुणी करत नाही. येता-जाता एकेक फळ पडतं आणि चहाच्या सुट्टीपर्यंत गुडघाभर ढीग होतो. आमच्या पट्ट्यावरच्या किश्शांचं तसंच आहे. बॉक्समध्ये बसलेल्या फळांचे फोटो निघतात, त्या ढिगाकडं कुणी बघत नाही. मी बघते. अकरा वर्षं बघतेय.

पॅकहाऊस लोणी देवकरच्या अलीकडं. नाव सांगत नाही. नाव बदललं तरी पट्टा तोच असतो! आम्ही बेचाळीस बायका. सरकत्या पट्ट्यावरनं डाळिंब उचलायचं, फिरवून बघायचं, पुसायचं, साईजप्रमाणं जाळीत घालून बॉक्समध्ये बसवायचं. सगळं उभ्यानं.

*

मी चौथी पास. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही, मी ते फवारणीच्या बाटल्यांवरनं उचललं. निरवांगीला आमच्या बागेत औषधं यायची. प्रत्येक बाटलीबरोबर घडी घातलेला कागद. इंदापूरच्या बाजारातनं एक जुनी डिक्शनरी आणली आणि बसले एकेक शब्द लावत.

दुसऱ्यांच्या पोरी इंग्रजी शिकायला बसतात तेव्हा आधी 'गुड मॉर्निंग' शिकतात. मी पहिलं शिकले ते 'मस्ट नॉट'. हे करायचं नाही, ते करायचं नाही, ह्याला शिवायचं नाही. इंग्रजी आमच्या घरात शिरलं ते दटावतच!

दीर म्हणाला, "वैनी, ह्या वयात विंग्रजी शिकून काय इमानात बसायचंय व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय भावजी. तुमी कवाधरनं उघड्या हातानं जे ढवळताय, त्याच्या बाटलीवर कवटी काढलीया. तिच्याखाली काय लिवलंय तेवढं वाचायचं होतं."

दिरानं बादलीतनं हात काढला. सासरच्या माणसानं माझं ऐकलं ते तेवढंच.

*

आमच्या पॅकहाऊसमध्ये अकरा बोर्ड आहेत. सगळे इंग्रजीत. त्यातल्या नऊ बोर्डांवर मस्ट किंवा मस्ट नॉट. टोपी घातलीच पाहिजे. बांगड्या घालता कामा नयेत. बोलता कामा नये. आणि दाराजवळचा नववा बोर्ड: पास घेतल्याशिवाय जागा सोडता कामा नये.

पास म्हणजे लाल प्लॅस्टिकचं एक कार्ड. दाराशेजारी खिळ्याला टांगलेलं. लघवीला जायचं तर ते काढायचं, गळ्यात घालायचं, येऊन परत टांगायचं. कार्ड एकच. बायका बेचाळीस!

मी सुपरवायझरला विचारलं. माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा आहे, पण बायका त्याला सायेब म्हणतात. मी म्हटलं, "हे बोर्ड इंग्रजीत का म्हणून?"

"फॉरेनची गिऱ्हाइकं येत्यात आक्का. त्यांनी वाचायला पायजे."

"म्हंजे वाचायचं त्यांनी आणि पाळायचं आमी!"

"बरोबर," तो म्हणाला. त्याला वाटलं, मला समजलं.

*

माझ्या डाव्या हाताला शालन उभी असते. कळसची. चौतिशीची असेल. नवरा नाही, दोन पोरी. सगळ्या बायका करतात तेच तीही करायची. घरनं पाण्याची बाटली भरून आणायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत न्यायची. पाणी प्यायलं नाही की पास लागत नाही.

तिला ताप यायला लागला. एकदा आला, दोनदा आला. पट्ट्यावर उभ्या-उभ्या कंबर धरायची. शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. तो कागद माझ्याकडं आला. मी वाचला: रोज तीन लिटर पाणी प्यायलंच पाहिजे. लघवी तुंबवता कामा नये. नाहीतर मूत्रपिंडावर जाईल.

शालन म्हणाली, "आक्का, ह्या कागदावर पण मस्ट हाय का?"

"हाय."

"मग बोर्डाचा मस्ट मोठा का ह्यो?"

मी म्हटलं, सायबालाच विचार. तिनं कागद नेऊन दाखवला. त्यानं सगळा वाचला, घडी घालून परत दिला आणि मायेनं म्हणाला, "पाणी प्यायला कोण नगं म्हणतंय? भरपूर पी की!"

*

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत शाळा काढली. रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागं, खोक्याच्या पाठीवर, मार्करनं. म्हटलं, ज्या भाषेत आपल्याला दमात घेतात ती निदान कळू तरी दे.

मी सांगितलं, 'मस्ट' म्हंजे मालक बोलतोय. 'शुड' म्हंजे शेजारीण बोलतीय, ऐकलं तर ऐकलं. 'हॅव टू' म्हंजे आपलं पोट बोलतंय, मनात असो-नसो, करावंच लागतं. आणि 'मे' म्हंजे सायेब खुशीत हाय, परवानगी मिळंल.

बायका खोक्याकडं बघत भाकरी चावत बसल्या. पारूबाई साठीची, आमच्यात सगळ्यांत गरीब गाय. तिनं घास गिळला आणि विचारलं, "आक्का, आणि आपल्या मनानं करायचं, त्याला काय म्हणत्यात?"

मी डिक्शनरी अकरा वर्षं चाळतेय. तरी मी मार्करला टोपण लावलं.

"जेवा आता," म्हटलं, "सुट्टी संपत आली."

*

शाळेची बातमी मालकाकडं गेली. मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मालक पुण्यात शिकलेले, बोलायला गोड. "आक्का, बसा ना."

"पट्ट्यावर दिवसभर उभं करता आन् हितं बसा म्हणता?" मी उभीच राहिले.

मालक सांगायला लागले की बायकांच्या डोक्यात काहीबाही घालू नका, त्यानं शिस्त बिघडते. मी ऐकत होते, पण माझं लक्ष त्यांच्या खुर्चीच्या मागं. तिथं बारावा बोर्ड! काचेत बसवलेला, चांगल्या फ्रेमचा. परदेशातल्या गिऱ्हाइकाचे नियम. मी ओळीवर बोट ठेवत वाचला. कामगाराला गरज वाटेल तेव्हा स्वच्छतागृहात जाऊ दिलंच पाहिजे. अडवता कामा नये.

म्हणजे मालकालाही मस्ट होता! फक्त तो त्यांच्या पाठीमागं टांगला होता. बसल्या जागेवरनं त्यांना कधी दिसायचा नाही, आणि ज्यांना दिसला असता त्यांना केबिनमध्ये कुणी घेत नव्हतं.

मी म्हटलं, "मालक, तुमच्या मागं काय लिवलंय?"

त्यांनी मान वळवली. "ते होय, ते सर्टिफिकेटबरोबर आलंय. लावायला लागतं."

"वाचायला लागत न्हाय?"

मालक हसले. "अहो आक्का, ते इंग्रजीत आहे!"

*

मग एक दिवस सांगितलं, उद्या फॉरेनची मॅडम तपासणीला येणार. सुपरवायझरनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि पाढे घ्यावेत तसं घेतलं.

"लघवीला कवा जाता?"

"वाटलं तवा!"

"हसून म्हणा. लघवीला कवा जाता?"

"वाटलं तवा!"

चार वेळा म्हणून घेतलं. मग शालनला पुढं बोलावलं. "मॅडम तुला इचारतील असं बघतो. तुझा चेहरा गरीब हाय, तुझं खरं वाटंल." तिला बाजूला नेऊन आणखी सांगितलं, की ऑर्डर गेली तर बेचाळीस घरांच्या चुली विझतील आणि सगळ्या बायका तुझ्या नावानं बोटं मोडतील.

तिला तेव्हा तिसरा ताप होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, असंच चाललं तर दवाखान्यात भरती करावं लागेल. मी तापले. म्हटलं, "शालन, खरं काय ते सांगून मोकळी हो. कुणाला भितीस?"

शालननं माझ्याकडं बघितलं. एवढी गरीब बाई, पण त्या दिवशी आवाज करकरीत. "आक्का, तुमची पोरं कमावती हायती. तुमी मस्ट म्हणा, शुड म्हणा, तुमाला शोभतंय. माझ्या घरात कमावणारी मी एकटी हाय. तुमी उद्या तोंड उघडू नका, माझी आण हाय तुमाला."

मला आजवर सासूनं गप्प केलं नव्हतं, सरपंचानं केलं नव्हतं. शालननं केलं. मी मान हलवली.

*

मॅडम आल्या. उंच, आमच्यासारखीच टोपी, आमच्यासारखेच हातमोजे. मराठीचं अक्षर येत नव्हतं. सुपरवायझर त्यांच्या मागं-मागं, इकडचं तिकडं सांगायला.

त्यानं सकाळीच एक हुशारी केली होती. दाराजवळचा नववा बोर्ड उतरवला आणि खिळ्यावरचा पास काढून खिशात घातला. कसला पास न् कसलं काय!

मॅडमनी फळं बघितली, आमची नखं बघितली, पाण्याची टाकी बघितली. मग एका कोपऱ्यात वही घेऊन उभ्या राहिल्या. नऊ वाजता आल्या होत्या, दीड वाजला. चहाही जागेवरच झाला होता. पट्टा काय छान चालला होता म्हणून सांगू! सुपरवायझर खूश. बेचाळीसच्या बेचाळीस जणी आपापल्या जागेवर. एक बाई हलली नाही.

हलणार कशी? खिळ्यावर पासच नव्हता!

कुणी अडवलं नव्हतं. उलट आज मोकळीक होती. पण पास दिसला नाही, त्यामुळं कुणी गेलंच नाही. मीही गेले नाही, चार बुकं शिकलेली! पारूबाई एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत होती. शालनच्या कपाळावर घाम.

मॅडम वही मिटून सरळ शालनसमोर आल्या. भरभर इंग्रजीत काहीतरी विचारलं, मला उमगलं नाही. सुपरवायझरनं मराठी केलं, "मॅडम इचारत्यात, लघवीला कवा जाता?"

"वाटलं तवा," शालन म्हणाली. हसून. शिकवलं होतं तसं.

मॅडमनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, परत काहीतरी म्हणाल्या. सुपरवायझरनं खिशावर हात ठेवला. मग म्हणाला, "मॅडम म्हणत्यात, मग आता जाऊन ये."

शालननं हातमोजे काढले. पदरानं कपाळ पुसलं आणि दाराकडं गेली. आम्ही सगळ्या बघत होतो. दाराशी पोचली तसा तिचा हात आपसूक वर गेला. खिळा चाचपला. खिळ्याखाली बघितलं, जमिनीवर बघितलं. मग वळली आणि सगळ्या पट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"सायेब, पास कुठं ठिवलाय?"

मॅडमनी सुपरवायझरला विचारलं, काय म्हणाली ती?

सुपरवायझर सोप्या इंग्रजीत म्हणाला, "ती तुमचे आभार मानतेय."

मी पट्ट्यावरनं शालनकडं बघितलं. ती तिथूनच माझ्याकडं बघत होती. हात अजून खिळ्यावर. मग तिनं होकाराची मान हलवली. माझी आण सुटली.

मी हातातलं डाळिंब खाली ठेवलं, हातमोजे काढले आणि मॅडमकडं निघाले.