कुंझेस आने-लेचा म्हातारा मेंढा

माझ्या गाडीत भिक्षू बसले, फौजी बसले, रडणारी नवरीसुद्धा बसली. पण मेंढ्याला पुढची सीट मागणारी एकच, कुंझेस आने-ले. म्हटलं, मागे गवत टाकून देतो, तिथे बसव. तर म्हणे, मागे त्याला मळमळतं. आता मेंढ्याला मळमळतं हे हिला कोणी सांगितलं? पण तिच्याशी भांडून आमच्या गावात अजून कोणी जिंकलेलं नाही. बसवला पुढे.

ती माझी शेजारीण, सगळं गाव तिला आने-ले, म्हणजे आत्या म्हणतं. तिचा पोरगा मुतुप लहान असताना भर हिवाळ्यात तापानं फणफणला. बर्फानं रस्ता बंद, लेहला न्यायची सोय नाही. लामांनी फासे टाकले आणि सांगितलं, एक जीव सोडा. आने-लेनं खाटकाकडे निघालेलं एक कोकरू मागून आणलं आणि त्याच्या कानात लाल धागा ओवला. असं सोडलेलं जनावर मारायचं नाही, विकायचं नाही, आपल्या मरणानं मरेपर्यंत जगू द्यायचं. मुतुपचा ताप उतरला. इथवर सगळं बरोबर होतं. पण बाईच्या डोक्यात एक भलतंच बसलं, की पोराचा जीव त्या मेंढ्यात आहे. मेंढा आहे तोवर पोरगा आहे.

झालं. बाकीच्यांची सोडलेली जनावरं डोंगरावर हुंदडतात, आणि हिचा मेंढा, कर्पो, चुलीपाशी दोरीला बांधलेला. का, तर वर लांडगे असतात. सख्ख्या बहिणीचं लग्न झालं शे गावात, ही गेली नाही. कर्पोकडे कोण बघणार? त्याचे दात पडले तेव्हा सातूचं पीठ खाऱ्या चहात कालवून बोटानं भरवायला लागली. आम्ही हसायचो. मग मुतुपला मिसरूड फुटलं, आणि तो खिंडीतल्या रस्त्याच्या कामावर लागला, तेही सुरुंगाच्या टोळीत. तिकडे डोंगर फुटायचा आणि इकडे ही मेंढ्याची छाती चाचपून बघायची. त्यानंतर हसायला कोणी धजलं नाही.

या उन्हाळ्यात कर्पो पीठही तोंडात घेईना. म्हणून ही यात्रा. वाटेवरच्या प्रत्येक गोंपात, मठात त्याला न्यायचं, लामांकडून त्याच्या डोक्यावर पोथी टेकवून घ्यायची, आणि शेवटी त्सो मोरीरी तलावाचं पाणी पाजायचं. त्या पाण्यानं आयुष्य वाढतं असं तिची आई म्हणायची. एका गोंपात कर्पो थेट देवळाच्या पायरीवर मुतला. छोटे भिक्षू पोट धरून हसले, आणि पायरी धुतली मी. गाडीत तर असा वास भरला होता की मी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होतो. मनातल्या मनात त्या मेंढ्याला इतक्या शिव्या घातल्या की माझं सगळं पुण्य तिथेच संपलं असेल.

तलावाकाठच्या कोर्झोकला पोचलो तेव्हा वारा सुटला होता. मी कर्पोला उचलून काठावर नेलं. अंगात काही उरलंच नव्हतं त्याच्या. आने-लेनं ओंजळीत पाणी आणलं. त्यानं दोनदा चाटलं, हनुवटी तिच्या गुडघ्यावर टेकवली, आणि गेला.

ती रडली नाही. तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "नोरफेल," ती म्हणाली, "मुतुपला फोन लाव."

तिथे कुठली रेंज? मी तिचा फोन हातात धरून काठानं वेड्यासारखा पळलो. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण खरं सांगतो, मीही तो नंबर पुन्हा पुन्हा दाबत होतो.

आमची धावपळ बघून गोंपातले एक म्हातारे भिक्षू खाली उतरून आले. आने-लेनं त्यांचे पाय धरले. अझांग-ले, मामा, गावातून दुसरा मेंढा मिळवून द्या, आत्ताच त्याच्या कानात धागा घालते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्यांनी तिला खाली बसवलं आणि सगळी कहाणी ऐकून घेतली. कर्पो राहायचा कुठे, तेही विचारलं.

"मग तू त्याला सोडलंस कधी, बाई?" ते म्हणाले. "सुरीतून सुटला तो तुझ्या दोरीत अडकला. पुण्य झालं ते त्याच दिवशी. पोरगा आपल्या आयुष्यानं जगतोय."

ती उसळलीच. तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार, असं तोंडावर बोलली. त्यांना राग आला नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं कर्पोच्या गळ्यातली दोरी काढली, आणि दोघा भिक्षूंनी त्याला मागच्या टेकडीवर नेलं, जिथे गिधाडं उतरतात तिथे.

आम्ही परत निघालो. चुमाथांगच्या जवळ रेंज आली. मी गाडी कडेला घेऊन स्पीकरवर फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आने-लेनं माझं मनगट असं घट्ट धरलं होतं की वळ उठले. तिसऱ्यांदा आवाज आला, तोंडात घास असलेला.

"आमा-ले? जेवतोय मी. काय झालं?"

माझा जीव भांड्यात पडला. तिनं फोनकडे तोंड नेलं. म्हणाली, "कर्पो गेला रे."

पलीकडे ताट खाली ठेवलेलं ऐकू आलं. मग आवाज आला, सुरुंग लावणाऱ्या गड्याचा नव्हे, तापानं फणफणलेल्या त्या पोराचा.

"आमा-ले, मग आता मी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा पोरगा सुट्टीवर आला की आधी चुलीपाशी जाऊन मेंढ्याच्या अंगावरून हात फिरवायचा. मला वाटायचं, माया आहे. भीती होती ती. आईची भीती त्यानं दुधाबरोबर प्यायली होती.

आने-लेनं माझ्याकडे बघितलं. मग पाठ ताठ केली.

"तू काय? तू आहेस की," ती म्हणाली. "तो म्हातारा झाला होता, म्हणून गेला. पुण्य तेव्हाच झालं होतं. तू आपल्या आयुष्यानं जगतोयस, गाढवा. जेव आता, गार होतंय."

अर्ध्या दिवसापूर्वी ज्या शब्दांवरून भांडली, तेच शब्द, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही. पलीकडे मुतुपनं नाक ओढलं, आणि मग हसला. मी ऐकलं.

फोन ठेवला आणि मग ती रडली, मोठ्यानं, कर्पोसाठी, फक्त कर्पोसाठी. रडता रडता सीटवर मान टाकून झोपली आणि घोरायला लागली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आम्ही, पण तिला घोरताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या गावाचं वळण आलं तशी तिला जाग आली. मी वेग कमी केला.

"थांबवू नकोस," ती म्हणाली. "शेला चल, बहिणीकडे. घरी चुलीपाशी आता कोण वाट बघतंय?"