आपांना विचारून सांगते

जिथं दार लावून बायका बसतात, तिथं किस्से काही कुणी पेरायला लागत नाहीत, आपोआप उगवतात! आमचं तर विचारूच नका. दर शुक्रवारी दुपारी आमचा दर्स असतो. दर्स म्हणजे धर्माचा पाठ. एकीनं किताब वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि मग खरी मजा. ज्याला आम्ही मसला म्हणतो तो विचारायचा. लग्नाचा, नवऱ्याचा, सासूचा, पाकी-नापाकीचा, जो अडला असेल तो. पुरुषांना विचारायची लाज, डॉक्टरणीला विचारायची भीती, मग उरतं कोण? दर्सवाली!

सावेडीत ती दर्सवाली मी होते. शमीम खाला, म्हणजे सगळ्यांची मावशी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पोरं शिकवली, रिटायर झाल्यावर बायका शिकवल्या. माझ्या हॉलमध्ये सतरंजी, सगळ्यांना चहा आणि खारी. मग आमच्या मागच्या गल्लीत नाझनीन राहायला आली. मदरशातून धर्माचं सगळं शिक्षण पुरं करून आलिमा होऊन आलेली, वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, आणि सगळ्या तिला म्हणायला लागल्या आपा. म्हणजे मोठी बहीण! बघता बघता माझी सतरंजी रिकामी झाली. चहा-खारी सोडून गेल्या हो बायका. मला मत्सर वाटला का? वाटला. अजून वाटतो. अल्ला माफ करो, पण खोटं कशाला बोलू.

*

समोरच्या बंगल्यातली शिरीन लग्नासाठी पार्लरमधून लांबलचक नखं चिकटवून आली. मी बघितलं आणि तिथंच सांगितलं, "पोरी, याच्याखाली पाणी जात नाही. नमाजाआधी हातपाय धुतलेस तरी वुजू होणार नाही, डोक्यावरून आंघोळ केलीस तरी गुस्ल होणार नाही. काढून टाक."

झालं! पोरगी रडत घरी गेली. तिची आई माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही. म्हणे, "शमीम खाला जुन्या वळणाच्या आहेत."

मग शिरीन आपाकडे गेली. आपानं काय सांगितलं असेल? तेच! शब्दाला शब्द तेच! पाणी जात नाही, काढून टाक. पण शिरीन हसत हसत बाहेर आली, नखं काढली आणि हातभर मेंदी लावून घेतली. मेंदी चालते, तिच्यातून पाणी जातं.

तिची आई मला भाजीवाल्याजवळ भेटली. म्हणाली, "आपा किती छान समजावतात ना!"

मी कोथिंबिरीची जुडी अशी काही झटकली की भाजीवाला म्हणाला, "भाभी, कोथिंबिरीनं काय केलं?"

*

माझ्या दर्सची शान होती राबिया खाला. माहेर घोडेगावचं, घरात गुरांचा व्यापार, बोलणं रोखठोक. तिच्या निकाहचा किस्सा म्हणजे माझ्या हॉलची मालमत्ता!

निकाहच्या वेळी वकील, म्हणजे नवरीच्या वतीनं बोलणारा, आणि साक्षीदार तिला विचारायला आत येतात. कबूल आहे का? नवरी लाजून गप्प बसली तरी ती होच समजतात. राबिया गप्पही बसली नाही आणि होही म्हणाली नाही. ती म्हणाली, "बाजारात बैल घेतानी बी दात बघत्यात. आदी मला नवरा दाखवा!"

बाहेर गोंधळ. काझीसाहेब समजूतदार होते. म्हणाले, "बघायचा हक्क आहे तिला." मग नवरदेवाला दारापर्यंत आणला, तोंडावर फुलांचा सेहरा. राबिया आतून म्हणाली, "फुलं वर करा." केली.

"मग काय बघितलंस?" असं मी दरवेळी विचारायचे, आणि ती दरवेळी म्हणायची, "काय बघायचं? लई घाबरला हुता बिचारा. म्हनलं, चालंल!"

किती वर्षं हसलो आम्ही त्यावर! आणि परवा सून घरी येऊन सांगते, "अम्मी, आज राबिया खालांनी आपांच्या दर्समध्ये असला किस्सा सांगितला, आपा तर डोळे पुसून पुसून हसल्या!"

मी राबियाला फोन लावला. "तुला लाज वाटत नाही?"

ती म्हणाली, "अगं, तुज्या हॉलात आता हसायला कोन हाय? भिती?"

*

आता सुनेचं सांगते. सुमैया. माझ्या इम्रानची बायको. गुणाची पोर, हे मी कुणाहीपुढं कबूल करीन, फक्त नाझनीन आपापुढं नाही.

रमजानात बायकांची जी सुट्टी असते, तेव्हा रोजा ठेवायचा नसतो, नंतर भरून काढायचा असतो. पण घरातल्या पुरुषांना कळू नये म्हणून आम्ही काय काय नाटकं केली! पहाटे सहरीला उठायचं, खायचं, आणि दिवसभर वाळलेलं तोंड करून फिरायचं. भूक लागली की फ्रिजच्या दाराआड उभं राहून दोन घास. माझे सासरे स्वयंपाकघराकडं यायच्या आधी मोठ्यांदा खोकायचे, एवढीच काय ती सवलत.

आपानं दर्समध्ये सांगितलं, "रोजा ठेवणं जसं हुकूम मानणं आहे, तसं या दिवसांत न ठेवणंही हुकूम मानणंच आहे. चोरी केल्यासारखं खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सुमैया ओट्यापाशी सरळ उभी राहून भाकरी खात होती, आणि नेमके आमचे हे पाणी तापवायला आत आले! ही थांबली. हे थांबले. मग आमच्या ह्यांनी छताकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि पातेलं न घेताच बाहेर गेले.

संध्याकाळी डझनभर केळी आणली. इफ्तारच्या आधीच ओट्यावर ठेवली आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "दिवसा कुणाला लागली तर असावीत घरात."

मला रात्रभर झोप नाही! संसाराची इतकी वर्षं झाली, मला कधी एक केळं आणलं नाही या माणसानं.

*

त्याहून कहर झाला तो सासू-सुनेच्या मसल्याचा. आपानं जाहीर सांगून टाकलं की सासू-सासऱ्यांची सेवा शरीयतनं सुनेवर फर्ज केलेली नाही. ती करते तो तिचा एहसान. सासूनं तिचे आभार मानावेत आणि सुनेनं सवाब म्हणजे पुण्य मिळवावं.

सावेडीतल्या सगळ्या सासवा पेटल्या! मला तर वाटलं, आता आल्या माझ्याकडं परत. आल्याही दोघी-तिघी, पण चहा पिऊन गेल्या.

राबिया खाला मात्र तिथंच दर्समध्ये उभी राहिली म्हणे. "म्हंजी मी सासूला इतकी वर्सं भाकऱ्या घातल्या, त्या फर्ज न्हवत्या?"

"नव्हत्या, खाला. तुमचा एहसान होता."

राबिया घरी गेली आणि मुलाला म्हणाली, "उद्या कबरस्तानात दादीची फातेहा पढाया जाशील, तवा तिला मोठ्यांदा सांग, त्यो एहसान हुता म्हनावं!"

त्या संध्याकाळी सुमैयानं माझ्यापुढं चहा ठेवला. मी कपाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. विचारलं, "हा एहसानाचा का?"

ती म्हणाली, "अम्मी, हा आल्याचा आहे. गार व्हायच्या आत प्या."

चहा चांगला होता, त्यामुळं मला आणखीच राग आला.

*

पण या सगळ्याचं हसू करता येतं. एका गोष्टीचं मला करता येत नाही.

सुमैया गच्चीवर जाऊन आपाशी फोनवर हळू बोलायची. मी विचारलं की म्हणायची, "मसला आहे अम्मी."

"मग मला विचार ना. मी काय इतकी वर्षं नुसती खारी वाटली?"

"आपांना विचारून सांगते," म्हणायची, आणि सांगायची नाही.

मध्ये ती दोन दिवस झोपून होती. पोट दुखतंय म्हणाली. मी ओव्याचं पाणी दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली. पुढच्या आठवड्यात रस्त्यात नाझनीन आपा भेटली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "खाला, सुमैयाला जपा हं. अशा वेळी मुली खचतात."

अशा वेळी म्हणजे कशा वेळी? मला ठाऊकच नव्हतं! पण तिच्यापुढं कसं कबूल करू? म्हटलं, "हो हो, जपतेच आहे मी."

घरी येऊन मी सुनेसमोर उभी राहिले. तिला काही विचारावं लागलं नाही. माझं तोंड बघूनच ती रडायला लागली. दिवस गेले होते आणि राहिले नाहीत. इम्रानला ठाऊक, आपाला ठाऊक. रक्त जातं तोवर नमाज पढायची का नाही, हा तो गच्चीवरचा मसला. किती महिने झाले होते यावर तो ठरतो. मला माहीत होतं ना ते! माझ्या किताबात आहे, बोट ठेवून दाखवलं असतं!

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रडला असता, अम्मी. मग मी तुम्हाला सांभाळत बसले असते."

माझ्या घरातलं दुःख दुसरीच्या घरात आधी जाऊन बसलं. नखं, केळी, एहसान, सगळं मी सोडून दिलं असतं. हे नाही सुटलं. त्या रात्री मी सुनेच्या डोक्याला तेल लावलं, आणि तेल लावता लावता मनात त्या बाईचा हेवाच करत होते.

*

शेवटी एका शुक्रवारी मी ठरवलं, बघू तरी काय आहे तिथं! सुमैया पुढं गेली. मी राबियाचा काळा बुरखा चढवला, नकाब बांधला. एरवी मी ओढणीवाली, मला कोण ओळखणार? रिक्षानं गेले आणि अगदी मागं, दाराजवळ, जमिनीवर बसले. बसताना गुडघ्यांनी जी कुरकुर केली ती मी दात आवळून गिळली.

आपा चांगलं बोलत होती. काय करू, चांगलंच बोलत होती.

मग म्हणाली, "कुणाला काही विचारायचंय?"

माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. आवाज जाड करून विचारलं, "सुनेच्या मनातलं सासूला आधी कळावं, यासाठी काही दुआ आहे का?"

बायका हसल्या. आपा हसली नाही. ती काही बोलणार, एवढ्यात पुढच्या ओळीतून, मान न वळवता सुमैया म्हणाली, "आपा, आधी त्यांना खुर्ची द्या. खाली बसलं की त्यांना उठता येत नाही."

खुर्ची बायकांच्या डोक्यावरून हातोहात मागं आली. मी तसल्याच जाड आवाजात म्हटलं, "मी घोडेगावची पाहुणी आहे."

तिकडून राबिया म्हणाली, "आमच्या गावात असल्या पाहुन्या न्हाईत."

सगळा हॉल हसला. सुमैया उठून मागं आली. माझ्या काखेत हात घालून मला वर उचललं, खुर्चीवर बसवलं, बुरखा नीट केला. मग नकाबाच्या कडेला तोंड आणून अगदी हळू म्हणाली, "अम्मी, माझी तारीख टळलीय. इम्रानला नाही सांगितलं. आपांनाही नाही."